दादाचा आनंद आणि वहिनींचा प्रश्न

गेल्या महिन्यात एका रविवारी आमच्या घरी बैठक बसली. बैठक म्हणजे काका, काकू, आई, बाबा, फोनवर आत्या आणि मी. विषय एकच. दादाचं काय करायचं?

दादा म्हणजे माझा चुलत भाऊ. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. गेलं दीड वर्ष तो रविवारी वसईला चर्चमध्ये जातो, आणि आता त्याला बाप्तिस्मा घ्यायचाय. हे कळलं तेव्हा काकू दोन दिवस धड जेवली नाही. काका एकदाच कडाडले आणि मग गप्प झाले, ते जास्त वाईट होतं. शेवटी सर्वानुमते ठरलं की दादाशी मी बोलायचं. का? तर मी इंजिनिअर आहे! इंजिनिअरला सगळं समजतं असा आमच्या घरात एक गोड गैरसमज आहे. टीव्हीचा रिमोट बिघडला तरी मीच आणि दादाचा धर्म बदलला तरी मीच.

आधी थोडं दादाबद्दल. भिवंडीत राहणाऱ्याला मागाचा आवाज वेगळा ऐकू येत नाही, तो बंद झाला की ऐकू येतो. काकांचे सहा माग होते. मजुरीवर कापड विणून द्यायचं, हा धंदा. दादा कॉलेज अर्धवट सोडून त्यातच उतरला. २०१६ ची नोटाबंदी कशीबशी काढली, २०१७ चा जीएसटी कसाबसा समजून घेतला, पण २०२० च्या लॉकडाऊनने कंबर मोडली. पुढे ते सहाही माग भंगारात गेले, किलोच्या भावाने. ज्या दिवशी टेम्पो आला त्या दिवशी दादा घरी आलाच नाही, रात्री उशिरा आला. त्यानंतर तो मानकोलीच्या एका गोदामात सुपरवायझर म्हणून लागला. ज्या शहरात सूत यायचं आणि कापड जायचं, तिथे आता सगळ्या देशाची खोकी येतात आणि जातात. तिथेच त्याला वसईचा एक सहकारी भेटला. एका नाताळला तो दादाला घरी घेऊन गेला. सुरुवात तिथून.

आता माझी तयारी ऐका. मी अगदी डिझाइन रिव्ह्यूला बसल्यासारखे तीन मुद्दे काढले होते. एक, धंदा बुडाल्यामुळे तू आधार शोधतोयस, ही श्रद्धा नाही, पळवाट आहे. दोन, तुला कुणीतरी काहीतरी सांगून ओढलंय. तीन, तिथे जे आहे ते सगळं आपल्याकडेही आहे, मग एवढा खटाटोप कशाला? मुद्दे चांगले होते. फक्त पुराव्यासाठी थोडं वाचावं म्हणून मी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आणलं आणि तिथेच माझा घात झाला.

शाळेत आपण रेव्हरंड टिळकांच्या एखाददोन कविता वाचतो, 'फुलामुलांचे कवी' असं परीक्षेत लिहितो आणि विसरतो. ना. वा. टिळक, जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. चित्पावन ब्राह्मण, कवी, पंडित, डोक्याने अस्वस्थ. १८९३ मध्ये ते राजनांदगावला निघाले होते. रेल्वेच्या डब्यात एक युरोपियन सहप्रवासी भेटला. गप्पा झाल्या, उतरताना त्याने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि म्हणाला की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांनी मनात हसून घेतलं असेल. पण पुस्तक वाचायला घेतलं आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

माझा दुसरा मुद्दा इथेच पडला. आमिष म्हणावं तर मिळालं काय? समाज तुटला, आप्त तुटले, बायको आणि लहान मुलगा दूर गेले. एवढं गमावून कुणी फायद्याचा सौदा करत नाही. आणि तिसरा मुद्दाही डळमळला, कारण टिळक आपल्याकडचं काही टाकून गेले नव्हते. तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, या अर्थाचं ते स्वतःच सांगत. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी लिहिले ते अभंग. म्हणजे 'आपल्याकडेही आहे' हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, आणि ते माहीत असूनच ते गेले.

इथपर्यंत वाचून मी जवळजवळ दादाच्या बाजूला झालो होतो. पण पुस्तक टिळकांचं नाही, लक्ष्मीबाईंचं आहे.

टिळकांना आनंद मिळाला, त्याचं बिल कुणाच्या नावावर फाटलं? लक्ष्मीबाईंच्या. त्या कडक सोवळ्याच्या घरात वाढलेल्या. त्यांचे वडील बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घरात घेणारे. अशा बाईचा नवरा एक दिवस ख्रिस्ती झाला आणि तिला ते नंतर कळलं. पदरात मूल. नातेवाइकांच्या आधाराने राहायचं, लोकांचे टोमणे ऐकायचे. सुमारे पाच वर्षं हे चाललं. मग दोघं हळूहळू जवळ आली, पण लक्ष्मीबाईंनी नवऱ्यामागे फरफटत जाऊन काही केलं नाही. आधी त्यांच्या मनातून जातिभेद गेला, मग विश्वास आला, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या पायांनी जाऊन बाप्तिस्मा घेतला.

बरं, नंतर तरी सुखच सुख होतं का? छे! टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. पगार झाला की कुणाला तरी देऊन मोकळे. घरात कुणीही येऊन राहावं. बालकवी ठोंबरे नगरला त्यांच्याच घरी राहिले, आणि १९१८ मध्ये तो पोरगा रेल्वेखाली गेला. प्लेगच्या साथीत बाई रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरीही सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत, १९१९ मध्ये ते गेले. 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं. ते कुणी पूर्ण केलं? ज्या बाईने कधी शाळा पाहिली नव्हती तिने. ६४ अध्याय रचले तिने. सांगा आता.

आणि तरीही, या सगळ्या ओढाताणीची गोष्ट बाई हसत सांगतात. नवऱ्याची चेष्टा करतात, त्याहून जास्त स्वतःची. मी ट्रेनमध्ये वाचताना दोनदा मोठ्याने हसलो, शेजारचा माणूस सरकून बसला. मला वाटतं, टिकणाऱ्या आनंदाचा पुरावा असलाच तर तो हाच. सगळं भोगून झाल्यावर, वयाच्या साठीनंतर, एखादं माणूस कडवट न होता आपली गोष्ट सांगू शकतं.

याच ओघात पंडिता रमाबाईंबद्दल वाचलं आणि आणखी एक धक्का बसला. रमाबाईंचे आई, वडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात थोड्या महिन्यांच्या अंतराने गेले. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये नवरा. पदरात एवढीशी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याला वाटेल, झालं, इथून पुढे शांती. पण १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या स्वतः सांगतात की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मन निवायला पुढे आठ वर्षं गेली.

आठ वर्षं! आपण तीस दिवसांच्या ट्रायल व्हर्जनवाले लोक. रविवारी इन्स्टॉल केलं आणि सोमवारी रीस्टार्ट केलं की सगळं नवीन दिसायला हवं. इथे एक बाई, संस्कृतची पंडिता, आठ वर्षं आत काहीच शांत झालेलं नसताना कामाला लागलेली. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून गदारोळ झाला आणि पालकांनी मुली काढून नेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः दुष्काळी भागात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. जिने दुष्काळात आई गमावली, तिने दुष्काळातल्या मुली आणल्या. दौंडजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं, ते काम आजही चालू आहे. शेवटी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई.

हे आयुष्य 'सुखी' म्हणायचं? आपल्या अर्थाने मुळीच नाही. डोंगरावरच्या प्रवचनात येशू ज्यांना भाग्यवान म्हणतो ते लोकही असेच. गरीब, शोक करणारे, छळ सोसणारे. मराठी बायबलमध्ये त्यासाठी शब्द आहे 'धन्य'. हा शब्द आपल्या संतांचाही. सुख हे परिस्थितीवर असतं आणि धन्यता कशावर तरी आयुष्य लावून टाकल्यावर येते, असा मी त्याचा अर्थ लावतो. चूक असेल तर असो.

आता माझं ऐका, कारण दुसऱ्याच्या आनंदाची चौकशी करताना आपला हिशेबही दाखवावा. मागच्या अप्रेझलला मला चांगली वाढ मिळाली. बातमी कळली सोमवारी. मंगळवारी पेढे. गुरुवारी कळलं की शेजारच्या टीममधल्या एकाला माझ्यापेक्षा जास्त मिळाली. संपला आनंद. चार दिवसही नाही टिकला! नवा फोन एक आठवडा. गोव्याची ट्रिप, परतताना पनवेलच्या ट्रॅफिकपर्यंत. मी हे गमतीने सांगतोय, पण रात्री अकराला ऐरोलीहून परत येताना कशेळीच्या पुलावर गाडी अडकते तेव्हा कधी कधी खरंच प्रश्न पडतो की हे सगळं कशासाठी चाललंय. तुम्हाला पडत नसेल तर तुम्ही नशीबवान. पडत असेल तर मग दादाला हसायचा हक्क आपल्याला नाही.

तर एका रविवारी मी दादाबरोबर वसईला गेलो. भिवंडी रोडहून वसईची गाडी म्हणजे चुकली तर मग बसा. खारबाव, कामण, जूचंद्र. दादा खिडकीत. मी माझा पहिला मुद्दा काढला, पळवाटीचा. तो चिडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "हो, पळालोच होतो. बुडणारा माणूस पळणार नाही तर काय करेल? पण पळून कुठे पोचलो ते बघ ना."

मग मी बघायला लागलो. चर्चमध्ये मिस्सा मराठीत होती, बायका आपल्या आत्यामावश्यांसारख्या दिसत होत्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच वसईचे, २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. परका देश वगैरे काही नाही हो. पण मी बघत होतो ते दादाला. माग गेल्यापासून दादा म्हणजे घरातली वाफ भरलेली शिटी होता. ताटात मीठ कमी पडलं तरी ताट सरकवणारा. गेल्या वर्षी काकूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा दादा तिला व्यायामाला घेऊन जातो, रिक्षातून उतरवतो, वर चढवतो. बाप्तिस्म्याचं कळल्यापासून काकू वाटेत त्याच्याशी एक शब्द बोलत नाही. तो तरी जातो. चिडत नाही, ऐकवतही नाही. दीड वर्ष ही गोष्ट आमच्या डोळ्यांसमोर होती आणि बैठकीत तिचा विषय कुणीही काढला नाही. मीही नाही.

माझं मत इथे बनलं. आपल्याकडे या विषयावर दोन प्रकारचे लोक बोलतात. एक म्हणतात, प्रार्थना करा, येशूला हृदयात घ्या, आनंदच आनंद, आजार जातील, कर्ज फिटेल. दुसरे म्हणतात, सगळं आमिष आणि भूलथापा. मला दोघंही खोटे वाटतात. पहिल्यांना रमाबाईंची आठ वर्षं नको असतात आणि दुसऱ्यांना टिळकांनी काय काय सोडलं ते नको असतं. आणखी एक तिसरा प्रकार आहे, आमच्यासारख्यांचा. आम्ही म्हणतो, ख्रिस्त वगैरे ठीक आहे हो, खरा आनंद सेवेत होता. हेही मला आता अप्रामाणिक वाटतं. रमाबाईंना विचारलं असतं तर त्यांनी सेवा सांगितली नसती, त्याचं नाव सांगितलं असतं. मी ख्रिस्ती नाही आणि होण्याचा विचारही नाही, आमचा गणपती येतो आणि मी नाचतो. पण ज्याचा आनंद आहे त्याने त्याला दिलेलं नाव मी खोडून काढू नये, एवढं मला समजतं.

एवढा मोठा निष्कर्ष घेऊन मी दादाच्या घरी गेलो, आणि वहिनींनी दोन वाक्यांत माझी हवा काढली. चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना आनंद मिळाला, चांगलंच आहे. पण घरात देव्हारा ठेवायचा की नाही, पोरीच्या लग्नात काय सांगायचं, हे मला कुणी विचारलं का?"

विचारलं नव्हतं. दादाने नाही, काकांनी नाही, आमच्या थोर बैठकीने तर तिला बोलावलंच नव्हतं. १८९५ मध्ये जे झालं तेच. मधे एवढी वर्षं गेली, आणि घरातल्या बाईला बातमी अजूनही शेवटीच कळते.

म्हणून मी दादाला एकच सांगितलं. तुझ्या श्रद्धेला माझी हरकत नाही, हरकत घेणारा मी कोण? पण थांब. काका ओरडतात म्हणून नाही, काकू जेवत नाही म्हणूनही नाही. वहिनींशी बोलून होईपर्यंत थांब. टिळकांची चूक आपल्याकडे छापील उपलब्ध आहे, ती पुन्हा करायची काय गरज? जो आनंद आठ वर्षं टिकणार आहे तो सहा महिने थांबूही शकेल. दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "फादरही तेच म्हणाले. घाई करू नकोस म्हणाले. मीच घाई करत होतो." वहिनींपुढे बसून बोलायची मला भीती वाटत होती, हेही त्याने कबूल केलं. सहा माग गमावलेला माणूस, आणि भीती कशाची, तर बायकोच्या प्रश्नाची.

घरच्या मंडळींना अहवाल द्यायचा होता, तोही दिला. सांगितलं की दादाला कुणी फसवलेलं नाही. त्याने निर्णय पुढे ढकललाय, रद्द केलेला नाही. आणि पुढच्या बैठकीला वहिनी नसतील तर मी येणार नाही. काका म्हणाले, "तुला समजवायला पाठवलं होतं, तू समजून घेऊन आलास." टोमणा होता, पण मला तो आवडला.

काकूने मात्र वेगळंच विचारलं. म्हणाली, "तिथे तो काय करतो रे, प्रार्थना म्हणजे?" मी म्हटलं, काकू, शेवटी सगळे आपापल्या माणसांची नावं घेतात, मनातल्या मनात. दादानेही घेतली असणार. ती म्हणाली, "माझं घेतलं असेल?" मी म्हटलं, मी त्याच्या मनात कसा बसणार, तूच विचार. अजून तिने विचारलेलं नाही. पण परवा रिक्षातून उतरताना तिने त्याचा खांदा धरला, असं वहिनींनी सांगितलं.

'स्मृतिचित्रे' मी दादाला दिलं नाही. वहिनींना दिलं. त्या रात्री भांडी आवरली की दहा-बारा पानं वाचतात. टिळकांनी पगार वाटून टाकला तिथे आल्यावर खूप हसल्या म्हणे, आणि मग दादाकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही असलं काही करायचं नाही हं!"

पुढे काय होईल मला माहीत नाही. दादा बाप्तिस्मा घेईल, बहुतेक. वहिनी घेतील की नाही ते त्यांचं त्या ठरवतील. देव्हारा राहील असं वाटतं. माझ्यापुरतं म्हणाल तर गुरुवारी संपणारा आनंद माझ्याकडे अजून आहे तसाच आहे, त्यावर उपाय सापडलेला नाही. पण आता कुणी 'मला टिकणारा आनंद मिळालाय' असं म्हणालं तर मी वाद घालत नाही. दोनच गोष्टी बघतो. हा माणूस त्याच्याशी न बोलणाऱ्यांशी कसा वागतो, आणि त्याच्या घरातल्या बाईला त्याने विचारलंय का.

बघा पटतंय का. चला, उद्या सोमवार आहे.